मेस्त्रींची मापं

माझ्या नावावर एक मोटार आहे. ती दिसायला देखणी नाही आणि विकायला काढली तर फार पैसेही येणार नाहीत. पण वळणावळणाच्या रस्त्यावर ती जो आनंद देते, तो मला दुसऱ्या कुठल्याच गाडीने दिलेला नाही. हा आनंद तिच्यात मुळात नव्हता. एका माणसाने तो तिच्यात घातला. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत आमच्या शेजारच्या गल्लीत ते राहायचे. त्यांची उमेदीची वर्षं कॅनलीच्या ट्रायम्फ कारखान्यात गेली होती. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून इथे मी त्यांना मेस्त्री म्हणतो. मी कोल्हापूरचा. आमच्या उद्यमनगरात ज्याच्या हातात माप आहे अशा माणसाला मेस्त्री म्हणतात आणि त्याच्याशी अहो-जाहोनेच बोलतात. मेस्त्री आता नाहीत. त्यांचं माझ्यावरचं ऋण फिटणारं नाही, पण ते कशाचं आहे हे नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

आधी या गाडीच्या जातीविषयी सांगायला हवं. किट कार हा प्रकार आपल्याकडे रुजला नाही. चेसिस, पत्रे आणि काही सुटे भाग एका कंपनीकडून घ्यायचे. इंजिन, गिअरबॉक्स, हब आणि ब्रेक एखाद्या जुन्या मोटारीतून काढायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः जोडणी करायची, अशी ही पद्धत. इंग्लंडमध्ये ती फोफावली त्याला कर कारणीभूत होता. युद्धानंतर तिथे नव्या मोटारीवर खरेदी कर लागायचा, पण सुटे भाग घेऊन स्वतः गाडी जोडली तर तो कर वाचायचा. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 1957 मध्ये ‘सेव्हन’ आणली ती याच काळात. दोन माणसांची जागा, उघडं छत, चारही चाकं अंगाबाहेर आणि नळ्यांच्या सांगाड्यावर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. गाडीतून काढता येईल ते सगळं काढायचं आणि वजन कमी करायचं, हा चॅपमन यांचा मंत्र. किटसोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जायची, म्हणून त्यांनी गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचल्या, असं जुने लोक अजून सांगतात. 1973 मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि किटची ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. ती गाडी आजही बनते.

सवलत गेली, पण गॅरेजमध्ये गाडी बांधायची हौस गेली नाही. केटरहॅम सर्वांना परवडणारी नव्हती, म्हणून सेव्हनच्या तोंडावळ्याच्या स्वस्त गाड्या आल्या. 1996 मध्ये आऊंडल शाळेतले शिक्षक रॉन चॅम्पियन यांचं अवघ्या 250 पौंडांत स्पोर्ट्स कार बांधायला शिकवणारं पुस्तक निघालं आणि शेकडो घरांत वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या. त्या सुमारास फोर्डची सिएरा भंगारात स्वस्त मिळायची. 1982 ते 1993 या काळात निघालेली ही मोटार गंजून जायची, पण तिचं दोन लिटरचं पिंटो इंजिन, पाच गिअरांचा डबा आणि मागचा डिफरन्शियल चांगले दणकट असायचे. पत्रा सडला तरी आतलं लोखंड शाबूत, अशा गाड्यांवर ही स्वस्त किटं उभी राहिली.

माझी गाडी त्यांतलीच एक. मशीन टूलच्या डिझाइनचं काम मिळालं म्हणून मी कॉव्हेंट्रीत आलो आणि दोन-तीन वर्षांनी डर्बीजवळच्या एका गॅरेजमधून ती घेतली. कोणीतरी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बांधलेली आणि कंटाळून विकायला काढलेली. हौशी लोकांनी बांधलेल्या गाड्यांची सरकारी तपासणी 1998 पासून सक्तीची झाली. ही त्याआधीच रस्त्यावर आलेली होती. पिंटो इंजिन उंच, म्हणून बॉनेटवर मोठा फुगवटा. मूळ सिएराचे भाग रुंद, म्हणून गाडी पसरट. फायबरचं नाक जाड आणि लाटालाटांचं. मडगार्डचे चारही कोन चार दिशांना. चालवायला ती दिसण्यापेक्षाही वाईट होती. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग सतत सांभाळावं लागे. वळण संपल्यावर चाक आपणहून सरळ होत नसे. खड्डा लागला की गाडी मनाला येईल त्या बाजूला उडी घेई. ब्रेक दाबायला सगळं अंग लावावं लागे.

मेस्त्रींची आणि माझी ओळख या गाडीनेच करून दिली. मी तिला गॅरेजमधून बाहेर काढत होतो आणि ते कुत्र्याला फिरवून परत येत होते. ते थांबले. अशा गाडीपाशी थांबणारा माणूस साधारणपणे आधी बॉनेट उघडायला सांगतो. मेस्त्री मात्र गुडघ्यावर बसले आणि पुढच्या चाकाच्या मागे डोकं घालून बराच वेळ पाहत राहिले. उठले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “हिची मापं कोणी घेतली आहेत का?”

कोणीच घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी ते पत्र्याची एक जुनी पेटी घेऊन आले. तिच्यात व्हर्नियर होता, गोनिया होता, ओळंबा होता, काटकोनी पट्ट्या होत्या आणि ओघळलेल्या शाईच्या डागांची एक जाड वही होती. मला एकदम उद्यमनगरातलं काकांचं लेथचं दुकान आठवलं. काकाही काम हातात घेण्याआधी खिशातला फडका काढून व्हर्नियर पुसायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ते पुसणं चुकायचं नाही.

मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी तीन नियम घातले. इंजिनाला सगळ्यात शेवटी हात लावायचा. एका वेळी एकच बदल करायचा. आणि मोजल्याशिवाय काहीही बदलायचं नाही. पुढची दोन-अडीच वर्षं आम्ही या तीन नियमांवर काढली.

सुरुवात वजनापासून झाली. गाडी स्वस्तात बांधताना सिएरातलं जे जे बसेल ते बसवलेलं होतं. घरगुती मोटारीच्या गादीच्या सीटा, लोखंडी रिमं, मोठी बॅटरी, आणि अंगावर अॅल्युमिनियमऐवजी जाड लोखंडी पत्रा. मेस्त्रींनी एकेक वस्तू सोडवून काट्यावर ठेवायला लावली आणि वजन वहीत लिहिलं. “ही वस्तू गाडीत नसेल तर काय बिघडेल, हे तिलाच विचार,” असं ते म्हणायचे. सीटा गेल्या, त्यांच्या जागी फायबरच्या पातळ सीटा आल्या. बॅटरी छोटी झाली. पत्रे बदलले. रिमांच्या बाबतीत त्यांनी मला मुद्दाम थांबवून समजावलं. स्प्रिंगच्या खाली असलेलं वजन, म्हणजे चाक, हब आणि ब्रेक यांचं वजन, सगळ्यात महाग असतं. खड्ड्यावरून गेल्यावर चाकाने लगेच परत रस्ता धरायचा असतो. ते जड असेल तर स्प्रिंगला ते आवरत नाही आणि टायर क्षणभर हवेत राहतो. हवेतला टायर ना वळवू शकतो ना थांबवू शकतो. हलकी रिमं जुन्या बाजारात मिळाली. सगळं झाल्यावर गाडी सहाशे किलोंच्या थोडी वर राहिली. ज्या सिएराचे भाग तिच्यात होते, ती हजार किलोंच्या वर होती.

टायरही बदलले. आधीच्या मालकाने रुबाबासाठी रुंद टायर घातले होते. एवढ्या हलक्या गाडीत रुंद टायर तापत नाहीत आणि न तापलेलं रबर रस्ता धरत नाही. मेस्त्रींनी 185 मिलिमीटर रुंदीचे साधे टायर घ्यायला लावले आणि हवेचा दाब 18 पौंडांवर आणला. घरगुती मोटारीच्या सवयीने हा दाब फार कमी वाटतो, पण टायरवर वजनच निम्मं असेल तर हवाही तेवढी लागत नाही. गाडी फिरवून आणली की ते टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला तळहात लावून बघायचे. मध्य जास्त गरम असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा गरम असतील तर हवा कमी. आतली कड एकटीच तापली असेल तर चाकाचा कल तपासायचा.

मग आली या गाडीची खरी दुखणी. पहिलं म्हणजे खड्ड्यावर दिशा सोडणं. ते शोधण्यासाठी मेस्त्रींनी पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढायला लावल्या, स्टीअरिंग मध्यभागी घट्ट बांधलं आणि हबवर चाकाऐवजी एक सरळ फळी बोल्टने आवळली. फळीच्या बाजूला जमिनीवर एक पक्की पट्टी उभी केली. मग जॅकने हब थोडा थोडा वर न्यायचा आणि प्रत्येक वेळी फळीच्या पुढच्या नि मागच्या टोकापासून पट्टीपर्यंतचं अंतर मोजायचं. हब वर गेला की फळी सरळच वर जायला हवी. आमची फळी वर जाता जाता वळत होती. म्हणजे स्टीअरिंग हलवलेलं नसताना नुसत्या खड्ड्याने चाक वळत होतं.

कारण वहीच्या पानावर रेघा मारून त्यांनी दाखवलं. चाक वर-खाली होताना वरचा आणि खालचा विशबोन, म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणारे दांडे, ठरावीक कंसातून फिरतात. स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा टाय रॉडही त्यांच्याशी जुळणाऱ्या कंसातूनच फिरला पाहिजे. त्यासाठी टाय रॉडचं आतलं टोक दोन्ही विशबोनच्या आतल्या सांध्यांना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवं आणि त्याची उंचीही बरोबर हवी. या गाडीत मूळ मोटारीची स्टीअरिंगची रुंद रॅक जागा मिळेल तिथे बसवलेली होती. आम्ही जुन्या फोर्ड एस्कॉर्टची अरुंद रॅक आणली. तिच्याखाली पातळ पत्र्याचे तुकडे घालत आणि काढत संध्याकाळच्या संध्याकाळ गेल्या. एक तुकडा घालायचा, फळी वर-खाली करायची, आकडे लिहायचे, पुन्हा तुकडा. शेवटी एका संध्याकाळी फळी खालपासून वरपर्यंत सरळ गेली. मेस्त्रींनी त्या आकड्यांखाली दोन रेघा ओढल्या आणि पेन्सिल कानामागे ठेवली.

दुसरं दुखणं स्टीअरिंग सरळ न होण्याचं. हे या प्रकारच्या अनेक घरगुती गाड्यांत सापडतं. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने पाहिला तर वरच्या टोकाला मागे झुकलेला हवा. तसा असला की त्याची रेषा जमिनीला टायरच्या पुढे टेकते, टायर मागून ओढला जातो आणि वळण संपताच आपणहून सरळ होतो. याला कॅस्टर म्हणतात. आमच्या गाडीत अक्ष जवळजवळ उभाच होता. वरचा सांधा मागे सरकवायचा तर वरचे विशबोन नव्याने करायला हवे होते. हे काम जिवाशी खेळण्याचं आहे, असं म्हणून मेस्त्रींनी स्वतः वेल्डिंग केलं नाही. नळ्या कापून, टोकं घासून, लाकडी साच्यात बसवून त्यांनी तयार ठेवल्या आणि कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याला बोलावलं. तो प्रमाणित वेल्डर होता. त्याने वेल्ड केले, थंड होऊ दिले, भिंगातून पाहिले, आणि पैशांऐवजी चहा घेऊन गेला. कॅस्टर सहा अंशांच्या आसपास आला. त्यानंतरच्या पहिल्या फेरीत वळणातून बाहेर येताना मी स्टीअरिंगवरची पकड सैल केली आणि ते माझ्या बोटांतून अलगद सरळ झालं. त्या दिवशी मला ती गाडी पहिल्यांदा आवडली.

स्प्रिंगांचा हिशोब मी त्यांच्याकडूनच शिकलो. किटसोबत आलेल्या स्प्रिंगा फार कडक होत्या, म्हणून गाडी रिकाम्या बैलगाडीसारखी उडायची. स्प्रिंगचा कडकपणा चाकाला जसाच्या तसा जाणवत नाही, हे मेस्त्रींनी आकडे घालून दाखवलं. स्प्रिंग विशबोनच्या लांबीवर दोन तृतीयांश अंतरावर बसवली असेल तर चाकापाशी तिच्या कडकपणाचा नऊपैकी चारच वाटा पोचतो, कारण अंतराचं प्रमाण दोनदा लागतं: एकदा बळात आणि एकदा हालचालीत. स्प्रिंग तिरकी असेल तर तोही वाटा आणखी घटतो. हे सगळं धरून त्यांनी चाकावरच्या वजनाला शोभेल अशी मऊ स्प्रिंग काढली. तिच्या जोडीला कमी-जास्त कडक करता येणारे शॉकअप घेतले. मऊ स्प्रिंगमुळे गाडी वळणात लोळेल अशी मला धास्ती होती. झालं उलट: टायर रस्त्यावर टेकून राहू लागले आणि वळणातला वेग वाढला.

चार चाकांवरचं वजन सारखं वाटणं हे पुढचं काम. शर्यतीच्या गाड्यांसाठी त्याचे खास काटे असतात. आम्ही न्हाणीघरातले काटे वापरले. त्यांची क्षमता कमी, म्हणून मेस्त्रींनी फळीची युक्ती काढली. फळीच्या एका टोकाखाली विटांचा टेकू, दुसऱ्या टोकाखाली काटा आणि चाक बरोबर मधोमध. काट्यावर निम्मा भार येतो, त्याची दुप्पट केली की चाकावरचं वजन मिळतं. चारही चाकांखाली अशा फळ्या, सीटवर माझ्या वजनाइतकी वाळूची पोती. मग स्प्रिंगांच्या खालच्या बैठका फिरवत फिरवत दोन्ही कर्णांवरची बेरीज जुळवायची. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून जितकं, साधारण तितकंच पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून. ते जुळलं आणि गाडी डावीकडे जशी वळे तशीच उजवीकडेही वळू लागली. तोवर तिचं एका बाजूचं वळण नेहमी वेगळं लागायचं आणि त्याचं कारण मला सापडत नव्हतं.

ब्रेकचा प्रश्न सोपा निघाला. मूळ मोटारीत पायाला मदत करणारा सर्व्हो होता, या गाडीत तो काढून टाकलेला, पण मास्टर सिलिंडर तोच मोठ्या व्यासाचा. कमी व्यासाचा सिलिंडर बसवला की त्याच पायाच्या जोराने जास्त दाब तयार होतो. पेडल थोडं खोल जातं एवढंच. तेवढा बदल केला आणि ब्रेक पायाला कळू लागला. मग मेस्त्रींनी पेडलांची उंची बदलली. ब्रेक दाबलेला असताना त्याच पायाच्या कडेने अॅक्सिलरेटरला टेकता यावं आणि गिअर उतरवताना इंजिनाचा वेग जुळवता यावा, म्हणून दोन्ही पेडलं एका पातळीवर आणली. यासाठी ते एका संध्याकाळी माझे बूट मोजत बसले होते.

इंजिनाची पाळी खरोखरच शेवटी आली आणि त्याचा अश्वशक्तीशी काही संबंध नव्हता. पिंटो इंजिनाचं एक ठरलेलं दुखणं आहे. कॅमशाफ्टवर तेल उडवणाऱ्या बारीक नळीची छिद्रं चिकटाने बुजतात आणि कॅम झिजून जातात. आमची नळी अर्धी बुजलेली होती. नवा कॅमशाफ्ट, नवे फॉलोअर, नवी नळी. शक्ती सुमारे 105 अश्वशक्ती होती तितकीच राहिली. सहाशे किलोंच्या गाडीला ती भरपूर आहे.

या सगळ्या काळात वही भरत होती. तिच्यात रकाने होते: तारीख, काय बदललं, किती बदललं, कुठल्या रस्त्यावर चालवली, काय जाणवलं. शेवटचा रकाना मी भरायचा आणि त्यात ‘छान’ किंवा ‘वाईट’ हे शब्द लिहायला बंदी होती. “वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना? पुढचं टोक की मागचं?” असे प्रश्न यायचे. चाचणीचा रस्ताही ठरलेला. लेमिंग्टनच्या पूर्वेचा फॉस वे हा रोमन काळातला सरळ रस्ता, मग त्याला फुटणाऱ्या अरुंद गावरस्त्यांची वळणं आणि परत. मेस्त्री बाजूच्या सीटवर टोपी घट्ट बसवून डोळे मिटून बसायचे. डोळे मिटले की गाडी बुडाने कळते, असं त्यांचं म्हणणं. त्या रस्त्यांवर मी चालवायला शिकलो असं म्हटलं तरी चालेल, कारण गाडी काय सांगते आहे ते मला तोवर ऐकू येत नव्हतं.

काम पुरं झाल्यावर आम्ही तिला वेल्समध्ये नेलं. लँगोलेनच्या वरचा हॉर्सशू पास चढताना पाऊस नुकताच थांबला होता. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं किती धरून आहेत ते स्टीअरिंगमधून तळव्यांना कळत होतं. वळणाच्या मध्यावर मागचं टोक किंचित सैल झालं तर ते घाबरवत नव्हतं, आधी सांगत होतं. वेग फार नव्हता. साध्या घरगुती मोटारीलाही तो जमला असता. पण त्या वेगात चालवणाऱ्याच्या हातापायांना एवढं काम आणि एवढा संवाद देणारी गाडी मी तोवर चालवली नव्हती. वर पोचल्यावर मेस्त्री म्हणाले, “आता ही मोटार झाली.” त्यांच्याकडून मिळालेली ती एकुलती एक शाबासकी आणि ती गाडीला होती. ते बरोबरच होतं.

रूपाचंही थोडं केलं. मडगार्ड सरळ झाले, नाकाच्या लाटा घासून निघाल्या, गडद हिरवा रंग आला. बॉनेटवरचा फुगवटा तसाच आहे, कारण इंजिन तेवढं उंच आहे.

पैशांचा विषय मेस्त्रींनी कधी निघू दिला नाही. मी काढला की ते हत्यारं पेटीत ठेवायला लागायचे. त्यांच्या पत्नी दर वेळी चहा पाठवायच्या. दिवाळीला ते दोघं आमच्याकडे फराळाला यायचे. चकली त्यांच्या आवडीची, आणि ती कशी पाडतात हे सोऱ्या हातात घेऊन त्यांनी नीट पाहून घेतलं होतं. माझी मुलं त्यांना आजोबाच म्हणायची.

त्यांनी माझ्यासाठी हे सगळं का केलं, याचं उत्तर मला हळूहळू कळलं. ते कॅनलीला पंधरा-सोळा वर्षांचे असताना उमेदवार म्हणून लागले. ट्रायम्फ हेराल्ड, स्पिटफायर या गाड्या तिथे बनत. हेराल्ड आणि स्पिटफायरचे पुढच्या चाकांचे अपराइट, म्हणजे हब धरणारे उभे भाग, नंतर लोटस सेव्हनलाही लागले, हे ते अभिमानाने सांगायचे. कॅनलीतली गाड्यांची जोडणी 1980 मध्ये बंद झाली. हजारो हात एका वर्षात रिकामे झाले. यंत्रं विकली गेली, जागा विकली गेली. त्या हातांमध्ये जे होतं त्याची किंमत कोणाच्या कागदावर आली नाही. मेस्त्रींनी नंतर इतर नोकऱ्या केल्या, त्यात व्हर्नियर लागत नव्हता. पंचवीस वर्षं त्यांना कोणी विचारलं नव्हतं, की खड्ड्यावर चाक का वळतं. एका कारखान्याचं शहाणपण एका घरात, पत्र्याच्या पेटीत पडून होतं, आणि शेजारच्या गल्लीत एक कुरूप, स्वस्त, मोडकी गाडी आली म्हणून ते बाहेर निघालं.

म्हणून माझ्यावरचं ऋण एकट्या मेस्त्रींचं नाही. त्यांना व्हर्नियर धरायला शिकवणाऱ्या, मला नावही ठाऊक नसलेल्या फोरमनचं आहे. चहावर वेल्ड करून जाणाऱ्या त्या सोबत्याचं आहे. रोज संध्याकाळी नवऱ्याला आमच्या गॅरेजमध्ये जाऊ देणाऱ्या त्या बाईंचं आहे. आणि उद्यमनगरातल्या काकांचंही आहे, कारण व्हर्नियर पुसणारा माणूस दिसताच त्याच्यापाशी उभं राहावं, ही समज मला त्यांच्या दुकानात आली.

मेस्त्री गेले तेव्हा त्यांच्या पत्नींनी ती पेटी आणि वही माझ्याकडे दिली. अशा गाड्या बांधणारे काही तरुण मला अधूनमधून भेटतात. ते बहुतेक वेळा मोठ्या इंजिनाविषयी विचारतात. मी त्यांना वहीची पानं दाखवतो. सिएराच्या भागांवरची हलकी गाडी असेल तर सुरुवात कुठून करावी, हे त्यात आहे: टायरमध्ये 18 पौंड हवा, कॅस्टर सहा अंशांच्या जवळ, पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल दीड अंशापेक्षा कमी, आणि खड्ड्यावर न वळणारं चाक. यातल्या हवेला पैसे पडत नाहीत आणि बाकीच्याला फार पडत नाहीत. लागतो तो वेळ, आणि ज्याला कळतं असा माणूस.

आपल्याकडे अशी माणसं कमी नाहीत. कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनी जोडलेले, दापोडीच्या एसटी कार्यशाळेत आयुष्य काढलेले, कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत साचे भरलेले, बंद पडलेल्या गिरण्यांचे फिटर, असे कितीतरी मेस्त्री महाराष्ट्रात गल्लोगल्ली निवृत्त होऊन बसले आहेत. त्यांच्या हातातलं ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही आणि ते आणखी फार वर्षं राहणारही नाही. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर पुढच्या रविवारी वही आणि पेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जा. एखादं बिघडलेलं काम सोबत न्या आणि त्यांच्यासमोर ठेवा. ते सांगतील ते मोजा, आणि लिहून घ्या.